ओठावरचा हिरवा रंग

मी बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. अंगात येणं, नजर लागणं, दारावरची लिंबू-मिरची... आयुष्यभर मी या सगळ्याची टर उडवत आले. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. तरी लिहिते, कारण ज्याला सांगावं असं घरात आता कोणी उरलेलं नाही.

२००७ सालची गोष्ट. माझे मिस्टर, सुधीर, बँकेत होते आणि त्यांची चेन्नईला बदली झाली होती. वेलचेरीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. मागच्या बाल्कनीला काचा लावून सुधीरने तिथे टेबल मांडलं होतं आणि टेबलावर त्याचं सैन्य. बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक, काड्यापेटीएवढे ट्रक, रणगाडे. ते तो रंगवायचा आणि रविवारी मित्रांना बोलावून आमच्या डायनिंग टेबलवर फासे टाकून, टेपने अंतरं मोजून लढाया खेळायचा. "पन्नाशीला आलास आणि बाहुल्यांना पँटी कसल्या घालतोस!" असं मी म्हणायचे. तो नुसता हसायचा. ब्रशला टोक यावं म्हणून ब्रश ओठांत धरायची घाण खोड होती त्याला. खालच्या ओठावर कायम रंगाचा ठिपका! एकदा तर तसाच बँकेत जाऊन आला.

जुलैत त्याला स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. महिन्याभराने घरी आणलं तेव्हा नाकातून नळी होती. डोळे उघडे असायचे, पण ओळख नाही. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "मॅडम, फार आशा ठेवू नका." मी ठेवली. दुसरं हातात काय होतं?

टेबल मी तसंच ठेवलं होतं. धरायला सोपं जावं म्हणून बाटल्यांच्या बुचांवर चिकटवलेले तीस-बत्तीस सैनिक तिथे रांगेत उभे होते. त्यांच्यावर नुसता प्रायमर होता, म्हणजे रंगाच्या आधी मारतात तो करडा थर.

सप्टेंबरअखेरची दुपार. आमची आया सेल्वी दोनला गेली. मी सुधीरच्या उशाशी जरा कलंडले. चारला उठून ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं, तर फडक्यावर हिरवा डाग. मला वाटलं, औषधाचा असेल. पण तोंडाने तर काहीच जात नव्हतं... मग बाल्कनीत गेले. पहिला सैनिक रंगवलेला होता. हिरवा गणवेश, तपकिरी पट्टा, बूट. ब्रश ओला होता.

दुसऱ्या दिवशी मी सेल्वीला फाडफाड बोलले. ती रडत म्हणाली, "नान इल्लै, अक्का... मी नाही." त्याच दुपारी ती दोनला गेल्यावर दुसरा सैनिक रंगला. सेल्वीची माफी मागायला मला आठवडा लागला.

मग माझ्यातली विज्ञानाची बाई जागी झाली. बाल्कनीच्या दाराला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. फरशीवर टाल्कम पावडर पसरली. जागी राहून पाहिलं, तर काही नाही. डोळा लागला की एक सैनिक रंगलेला, पावडरीवर एकही पाऊल नाही, आणि सुधीरच्या ओठावर हिरवा ठिपका. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी उजव्या हाताला टाचणी टोचली. बोट हललं नाही.

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला होता. तो परत येतोय, असं मी धरूनच चालले होते.

शेवटी रघुनाथरावांना बोलावलं. हे सुधीरचे खेळातले भिडू. तंजावरचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडचे. त्यांनी भिंग लावून एकेक सैनिक पाहिला. मग हळूच म्हणाले, "अम्मा, हा त्याचाच हात. मज ठाऊक आहे. पट्ट्याखाली इतकी बारीक सावली दुसरं कोणी घालत नाही."

"म्हणजे तो बरा होतोय ना?"

ते सुधीरजवळ जाऊन बसले. त्याचे गाल पार आत गेले होते. प्रत्येक सैनिकानंतर तो थोडा अधिक खोल जात होता. हे मला दिसत होतं, मी बघत नव्हते.

"अजून किती राहिले?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

ते उठले. कॉफीही न घेता गेले.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच... हे सैन्य संपू द्यायचं नाही. मी रघुनाथरावांकडून सैनिकांचा नवा खोका आणि प्रायमरचा स्प्रे मागवला. देताना त्यांनी बजावलं, "ऊन पडू द्या अम्मा. दमट हवेत हा मारायचा नसतो. खरखरीत होतो, मग रंग धरत नाही. सुधीर तर पावसात डबा हातात घेत नसे."

पण नोव्हेंबर होता. खाली रस्त्यावर गुडघाभर पाणी, चार दिवस सूर्य नाही. टेबलावर एकच सैनिक उरला होता. मी थांबले नाही. बाल्कनीची काच सरकवून नव्या सैनिकांवर स्प्रे मारला. वाळल्यावर बोट फिरवलं, तर सगळ्यांवर रव्यासारखी खरखर.

दुसऱ्या दुपारी जुन्यांतला शेवटचा रंगला. मी नवे मांडले. एक दिवस गेला, दोन गेले. ओठ स्वच्छ. मी पॉलिश पेपरने एकेकाला घासत बसले, घासताना बाहुल्यांची नाकं गेली. पाचव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास सुधीर गेला.

"प्रायमरने माणूस जात नसतो, अम्मा," रघुनाथराव म्हणाले. डॉक्टरांनी जे कारण लिहून दिलं, तेही मला पटतं. विज्ञानाने विचार केला तर मी तशीही काही करू शकले नसते. पण ऊन पडेपर्यंत थांबले असते तर... हे रोज मनात येतं. कोण रंगवत होतं, कसं, याचंही माझ्याकडे आजपर्यंत काही स्पष्टीकरण नाही. इथे कोणाकडे असेल तर सांगा, पण माझं समाधान होईल असं वाटत नाही.

कारण मला भीती कधी वाटलीच नाही. मला राग येतो. त्या सगळ्या दुपारी मी त्याच्या त्याच उजव्या हातावर माझा हात ठेवून झोपलेली असायचे. तो हात माझ्या हाताखालून निघून टेबलापर्यंत जात होता, पुन्हा येऊन तिथेच पडत होता. बत्तीस वेळा गेला आणि आला. एकदाही त्याने माझी बोटं धरली नाहीत.