ऑफ झाला

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तोही इंग्रजी घेऊन. रत्नागिरीत अकरावी-बारावीला शिकवतो आणि चांगलं शिकवतो. पोरांना ऑन कळतं, ऑफशी घोडं अडतं. मी सांगतो, चिकटलेलं, टेकलेलं सुटलं की ऑफ. सदऱ्याचं बटण तुटतं ते ऑफ, शिडीवरून माणूस पडतो तो ऑफ, किनाऱ्यापासून जरा आत समुद्रात बोट उभी असते तेही ऑफ. मिरकरवाडा बंदरावरची पोरं हे शेवटचं लगेच धरतात.

पुस्तकात नसलेला एक वापर आमच्याकडे चाकरमान्यांनी मुंबईहून आणला. ‘म्हातारा ऑफ झाला.’ मेला म्हणायला जीभ धजत नाही, वारला म्हणजे पेपरातली बातमी वाटते. ऑफ झाला म्हटलं की पटकन उरकतं. वर्गात कोणी तसं बोललं तर मी टोकायचो.

त्या दिवशी सकाळी स्टाफरूममध्ये चुलतभावाचा मुंबईहून फोन आला. ‘दादा ऑफ झाला,’ म्हणाला आणि रडायला लागला. त्याला काय टोकणार?

दादा, माझा थोरला भाऊ, मुंबईत वॉचमन. आठवड्याचा ऑफ असला की रंगकामाला जायचा. माझ्या कॉलेजसाठी धरलेलं ते काम मी कमवायला लागल्यावरही त्याने सोडलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी परांचीवरून पडला, रात्रीत संपला. त्याला घेऊन गाडी गावाकडे निघालीही होती.

मी दुपारी गावात पोचलो. आमच्याकडे गाडी दारात येईपर्यंत गेलेल्याच्या बायकोला खरं सांगत नाहीत. सिरियस आहे, गावी आणतायत, एवढंच. आणि त्याआधी तिला जेवू घालतात. एकदा कळलं की घरात चूल पेटत नाही आणि तिच्या घशाखाली काही उतरत नाही. गोठ्यामागे पुरुषमाणसं आवाज न करता तिरडीसाठी बांबू तोडायला बघत होती. बांबू कुठे आवाज केल्याशिवाय तुटतो?

काकीने मला बेड्यातच, आवाराच्या तोंडाशी गाठलं. ‘आत्ताच काय बोलू नको हां. दोन घास पोटात जाऊंदेत तिच्या.’

वहिनी स्वयंपाकघरात पानावर बसली होती. शेजारच्या घरून आणलेला भात आणि कुळथाचं पिठलं. काकी जवळ बसून घास मोजल्यासारखी बघत होती. मला पाहून वहिनीचा हात थांबला.

‘भावोजी, तुम्ही खोटं बोलायचे नाहीत. आहेत ना ते?’

‘खा गो. सिरियस आहे म्हटलं ना,’ काकी म्हणाली.

वहिनी माझ्याकडेच बघत राहिली. तेव्हा तो मुंबईचा शब्द माझ्या ओठापर्यंत आला. लोक तो का वापरतात ते त्या घडीला कळलं. पण तिला तो सांगायचा नव्हता.

‘दादा गेला, वहिनी. रात्रीच गेला.’

तिने पानाकडे बघितलं, मग काकीकडे.

‘आणि तुम्ही मला जेवायला बसवलीत?’

काकीने तोंड फिरवलं. वहिनी उठून मागच्या पडवीतून परसात गेली आणि घशात बोटं घातली. पोटात गेलेलं सगळं केळींच्या मुळाशी काढून टाकलं. काही उरलं नाही तरी बोटं घालत राहिली. मी तांब्या घेऊन उभा होतो. तिने तोंड धुतलं, पाणी प्यायली नाही.

‘शिकलास ना मोठा,’ काकी दारातून म्हणाली. ‘आता ठेव तिला उपाशी.’

काकीचंही खरं होतं; पुढे दोन दिवस वहिनीला उभं राहवत नव्हतं. पण तिने विचारलं होतं आणि विचारलं ते मला.

वहिनी घरापुढच्या खळ्यात रस्त्याकडे तोंड करून बसली. बांबू तोडणाऱ्यांना आता जपून काम करायची गरज नव्हती. कोयत्याचे घाव मोकळे ऐकू यायला लागले. प्रत्येक घावाला तिचे खांदे हलत होते. आत जाऊन बस असं म्हणायला कोणी पुढे झालं नाही, मीही नाही.