थोरलीनं ओळखलं नाही

सुगंधाबाई आयुष्यात कशालाच भ्याली नाही, असं ताडकळसात कुणीही सांगेल. साफ खोटं! बाई भ्यायची, आणि भ्यायची ती कडूबाईच्या बाजेला.

कडूबाई तिची शेजारीण, तिच्यासारखीच जन्मभर मेंढरांमागं फिरलेली. पोरांनी मेंढरं विकली आणि तिला दारातल्या बाजेवर बसवलं. खाणंपिणं वेळच्या वेळी, वर कुणी उलट शब्द बोलत नाही. फक्त तिला कुणी काही विचारत नाही. कोकरू का चरंना, पाहुण्याला काय करायचं, काही म्हणजे काही नाही. ती आपली रस्त्याकडं बघत बसते. तिथून जाताना सुगंधाबाई भराभर पाय उचलायची.

आणि एक दिवस तिच्या लेकानं, भागवतनं, जेवता जेवता सहज म्हणून टाकलं, "माय, तुला आता पळणं होईना. येत्या बाजारी मेंढरं काढून टाकू. तू बस घरी निवांत."

निवांत म्हणे! सुगंधाबाईचा घास तोंडातच फिरायला लागला. नवरा मल्हारी गेल्यापासून कळप तिनंच सांभाळला होता. गुडघे कुरकुरतात हे तिला कळत नव्हतं होय? पण लेकाच्या तोंडून ऐकल्यावर तिनं ताट बाजूला सारलं. डोळ्यांपुढं ती बाज आली. ह्यानं माझे पांढरे केस बघितले, एवढंच तिच्या डोक्यात बसलं.

भ्यालेलं माणूस काय करील त्याचा नेम नाही. दुसऱ्या दिवशी सून रुपाली खुरपायला गेली तशी ह्या बाईनं तिचं केस काळे करायचं पाकीट काढलं, ताटलीत कालवलं आणि डोक्याला थापलं. वास असा उग्र की डोळ्यांतून पाणी! धुऊन आरशात बघितलं तर कपाळ काळं, कान काळे, आणि कुणी परकीच बाई तिच्याकडं टकामका बघायलेली. वर सुनेचं फुलाफुलांचं पातळ नेसली. मेंढरं कोंडायच्या वाडग्यापाशी आल्यावर खांद्यावरची घोंगडीही काढली आणि कुडावर टाकली. घोंगडीत म्हातारी दिसते ना!

फाटक उघडलं. थोरली नेहमीसारखी पुढं आली. थोरली म्हणजे कळपातली सगळ्यांत जुनी मेंढी, ती जाईल तिकडं बाकीची जातात. तिनं नाक वर करून हुंगलं, पाय आपटला आणि मागं सरली.

"अगं, मी हाय की!"

सुगंधाबाईनं हात पुढं केला मात्र, थोरली बिथरली. तिच्यामागं सगळा कळप बाईला ढकलून बाहेर उधळला, तो थेट पूर्ण्याच्या रस्त्याकडं. तिकडून एसटी येत होती.

सुगंधाबाई धावली. चार पावलांत गुडघा मुरगळला आणि ती धुळीत आपटली. हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. हाक मारली की लोक जमतील, भागवतला कळेल, मग बाज ठरलेलीच. तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला.

"थोरलेऽऽ! फीर माघारी! हुर्रऽऽ!"

आवाज तर तिचाच होता. थोरली रस्त्याच्या कडेला थबकली, तिच्यामागची सगळी थबकली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला, खिडकीतून चार शिव्या हासडल्या आणि गाडी पुढं काढली.

पण मेंढरं काही जवळ येईनात. सुगंधाबाई लंगडत कुडापाशी गेली, घोंगडी डोक्यावरून घेतली आणि मटकन खाली बसली. थोरली हळूहळू आली. घोंगडीत नाक खुपसलं आणि तिथंच उभी राहिली. मग बाईला रडू आवरेना.

हाक ऐकून भागवत मोटरसायकलवर आला होता. "बघ माय! ह्याच्यासाठीच म्हणायलोय मी. आज काय झालं असतं?"

सुगंधाबाईनं घोंगडी मागं सारली. ते काळंभोर डोकं बघून भागवतचं तोंड उघडंच राहिलं.

"मला लय भ्या वाटलं रे, म्हणून केलं हे," ती म्हणाली. "मी म्हातारी झालेय. पळणं माझ्यानं होत न्हाई. पळायला तू ये, न्हाईतर कुत्रं आण. पण मेंढरं माझ्या हाकंला थांबत्यात, तुझ्या न्हाई. मला त्या बाजंवर बसवू नको."

भागवत मेंढरं आत घालून निघून गेला.

बाजाराच्या दिवशी सकाळीच वाडग्यापुढं टेम्पो येऊन थांबला. व्यापारी उतरला, भागवत उतरला. थोरलीच्या गळ्यात हात टाकून सुगंधाबाई उभी राहिली. भांगात पांढरं दिसायला लागलं होतं, पण झाकायचं तिला सुचलं नाही.

भागवत जवळ आला. "माय, दोन-तीन नर काढावं म्हणतो. कोणते द्यायचे? तूच सांग."

तिला आधी कळेचना. मग कळलं तसं तिनं बोट दाखवलं, आणि भाव कमी बोलणाऱ्या व्यापाऱ्याला असं झाडलं की भागवतच हसायला लागला.

त्या दिवशी चारायला निघाल्यावर सुगंधाबाई कडूबाईच्या बाजेपाशी थांबली. एवढे दिवस मान खाली घालून जायची.

"कडूबाय, ही मेंढी लंगडायलीय. काय झालं असंल?"

कडूबाईनं आधी मागं वळून बघितलं, आणखी कुणाला विचारलं की काय म्हणून. मागं कुणी नव्हतं. तशी ती बाजेवरून खाली उतरली.

"आण हिकडं," ती म्हणाली, "पाय बघू दे."