खालून वाचणारे रहांगडालेकाका

रहांगडालेकाकांनी एक प्रिंटआउट माझ्या टेबलावर पालथा ठेवला. मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या शाईनं अर्ज लिहिला होता.

"मॅडम, हे टाइप करून नागपूरले पाठवून द्या."

काका मला मॅडम कधीच म्हणत नसत, बेटा म्हणत. मी अर्ज वाचला. राजीनामा होता.

ही २००७-०८च्या सुमाराची गोष्ट. गोंदियातल्या एका धानाच्या बियाण्यांच्या कंपनीत मी ऑफिस असिस्टंट होते. काका कामठ्याचे, आमचे सगळ्यात जुने फील्डमन. बांधावरून नुसती लोंबी बघून धानाची जात सांगायचे. रिपोर्ट हातानं लिहायचे, मी टाइप करून मेल करायची. बदल्यात मला घरच्या वालाच्या शेंगा मिळायच्या.

मग नागपूरच्या हेड ऑफिसनं फर्मान काढलं, रिपोर्ट ज्यानं त्यानं मेल करायचे. त्यासाठी तिथेच ट्रेनिंग. आमच्या मॅनेजरांनी मेलवर विचारलं, कोणाला पाठवू? मी घाईत उत्तर ठोकलं, "रहांगडालेंना पाठवून उपयोग नाही. या वयात त्यांच्या डोक्यात काही शिरणार नाही." त्यांनी कळवलं, सगळ्यांनाच पाठवायचंय, सोबतचं टाइमटेबल रहांगडालेंनाही फॉरवर्ड करा. मी बटण दाबून मोकळी झाले.

फॉरवर्ड म्हणजे आलेली मेल तशीच पुढे पाठवणं. तिच्याखाली आधीचे सगळे सवालजवाब चिकटून जातात. नवं वर, जुनं तळाशी. तळापर्यंत सहसा कोणी जात नाही. मीही गेले नव्हते.

काकांनी मात्र फुलचूर नाक्यावरच्या सायबर कॅफेतल्या पोराकडून मेल उघडवून तिचा प्रिंट काढून घेतला. आणि त्यांची जन्माची सवय अशी, की कागद तळापासून वाचायचे. बियाण्याच्या प्लॉटच्या फायलीत पहिला कागद तळाशीच असतो ना!

"काका, हे काऊन?" मी विचारलं.

"पान पलटवा."

पलटवलं. माझंच वाक्य. त्याखाली पेननं रेघ.

"खोटं नाही लिहलं तुमी," काका म्हणाले. "मले येतच नाही. पण इतकी वर्सं याच टेबलासमोर बसून राहिलो. तोंडावर काऊन नाही सांगतलं?"

चुकून गेलं, असं म्हणायला जीभ वळवळली. पण गेलं होतं चुकून, लिहिलं तर शुद्धीत होतं.

"पाठवताना नाही काका, लिहितानाच चुकले," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं. लाज वाटत होती. ज्या माणसानं मला पोरीसारखं वागवलं, त्याला मी एका ओळीत निकाली काढलं होतं.

काका गडबडले. खांद्यावरचा दुपट्टा पुढे करत म्हणाले, "आता रडून कायले राहिली?"

"राजीनामा मी टाइप करणार नाही. पाठवायचाच असेल तर तुम्ही स्वतः मेल करा. मी शिकवते."

"लय चालाक हाये तू," म्हणून ते हसले आणि खुर्ची ओढून बसले.

ट्रेनिंगला अजून आठ दिवस होते. रोज जेवणाच्या सुट्टीत आम्ही बसायचो. काका एका बोटानं अक्षरं शोधायचे, सापडलं की माझ्याकडे बघायचे. फॉरवर्ड करण्याआधी तळापर्यंत जाऊन नको ते पुसायचं, हेही शिकवलं. शिकवताना माझे कान गरम झाले.

ट्रेनिंग संपल्यावर टाइमटेबलची तीच मेल, वर अभिप्राय जोडून, नागपूरच्या मोठ्या साहेबांना परत पाठवायची होती. काकांनी पाठवली, एक प्रत मला. मी थेट तळापर्यंत गेले. टाइमटेबल होतं, अभिप्राय होता. माझं वाक्य कुठेच नव्हतं.

पाच मिनिटांनी आणखी एक मेल आली, फक्त मला. इंग्रजी अक्षरांत मराठी : "बेटा, तुहं खालचं मिटवून टाकलो. साहेबाले कायले दिसाव?"

मी आजही कोणतीही मेल पुढे पाठवण्याआधी तळापासून वाचते. आणि माणसाबद्दल असं काहीही लिहीत नाही, जे त्याच्या समोर बसून बोलता येणार नाही. काका पुढे पाच वर्षं नोकरी करून रिटायर झाले. राजीनाम्याची मेल त्यांनी काही पाठवली नाही.