दहाव्या घरातला ठिपका

मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात गिटारवर एकच गाणं धड वाजवलं, आणि तेही लग्नाआधी, बायकोला पटवायला. बायको आजही सांगते, "गाणं आवडलं म्हणून नाही, ते एकदाचं थांबावं म्हणून मी हो म्हटलं." पण आसपासचा कोणीही वाजवणारा असो, त्याची गिटार एकदा तरी मिस्त्रींच्या हाताखालून गेलेली असायचीच. जिन्याखालची चिंचोळी खोली, एक खिडकी, भिंतीवर लाकूड आवळायचे शिकंजे, कोपऱ्यात सरसाचं भांडं, आणि खोलीच्या मधोमध उंच स्टुलावर मिस्त्री. चाळीस वर्षं तोच स्टूल. बूड झिजलं, स्टूल नाही, असं ते स्वतःच म्हणायचे.

त्यांचा खरा हातखंडा ठिपक्यांत. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. दोन पट्ट्यांमधल्या जागेला मिस्त्री घर म्हणत. कोणतं घर कितवं हे वाजवणाऱ्याला चटकन कळावं म्हणून काही घरांत शिंपल्याचे गोल ठिपके बसवतात, आणि मानेच्या वाजवणाऱ्याकडच्या कडेलाही बारके ठिपके देतात. लाकडात नेमकं भोक पाडायचं, त्यात ठिपका घट्ट बसवायचा, आणि बोट फिरवलं तर लाकूड कुठे संपलं नि शिंपला कुठे सुरू झाला हे कळता कामा नये. मिस्त्रींचा ठिपका कळायचा नाही.

आता हे ठिपके वाजवणाऱ्याला मदत करतात की त्याचं लक्ष उडवतात, यावर गिऱ्हाइकं त्या खोलीत तासन्‌तास भांडत. एकाने प्रत्येक घरात ठिपका मागितला. मिस्त्रींनी बसवून दिला आणि म्हणाले, "घ्या, गोवर आलाय, जपा." दुसरा सगळे ठिपके काढून घ्यायला आला, कारण त्याच्या गुरूंचं म्हणणं, बघून वाजवलं की हात आळशी होतो. महिनाभराने तोच परत आला. "फक्त कडेला बसवा. गुरू समोर बसतात, त्यांना दिसायला नकोत." मिस्त्रींनी काही न विचारता बसवले. त्यांना स्वतःला विचारलं तर म्हणत, "रस्त्यावर मैलाचे दगड असतात ना. दगडामुळे गाडी चालत नाही. पण दगड दिसला की जिवाला धीर येतो."

असे हे मिस्त्री, आणि त्यांच्या हातून एकदा मैलाचा दगडच चुकीच्या मैलावर रोवला गेला.

गिटार होती मास्तरांची. मास्तर नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात बावीस वर्षं मागच्या रांगेत वाजवत होते. मागची रांग म्हणजे ऐकू येतं पण दिसत नाही अशी जागा. बावीस वर्षांनी त्यांच्या वाट्याला पहिल्यांदा एकट्याचा तुकडा आला होता. नव्या नाटकाची सुरुवातच त्याने. पडदा उघडतो, सगळे गप्प, एकटी गिटार. खालच्या घरांत चार ओळी, मग हात एका झेपेत थेट नवव्या घरात. तो सूर लागला की वीस व्हायोलिनं तोच सूर उचलून धरतात. हात एक घर इकडेतिकडे पडला तर गिटारचा एक सूर, व्हायोलिनांचा दुसरा, आणि दारात बोट सापडल्यासारखा आवाज भरल्या नाट्यगृहात.

म्हणून मास्तरांनी मानेवरची झिजलेली लाकडी पट्टी नवी करून घेतली. "ठिपके ठळक द्या हं मिस्त्री. मला ठिपक्यांवाचून एक पाऊल टाकता येत नाही." तीन आठवड्यांपूर्वी मिस्त्रींनी गिटार परत दिली. मास्तर खूश. रोज तालीम, रोज निरोप, हात लोण्यासारखा फिरतोय.

प्रयोग शनिवारी. गुरुवारी सकाळी मिस्त्री एका मँडोलिनवर खुणा करत होते. खडूने घरं मोजत, नेहमीसारखे पुटपुटत. "तीन, पाच, सात, दहा, बारा." आणि खडू तिथेच थांबला.

मँडोलिनवर ठिपका दहाव्या घरात असतो. गिटारवर नवव्या. मास्तरांची गिटार आली त्या आठवड्यात मिस्त्रींनी ओळीने चार मँडोलिनं केली होती. आणि मास्तरांच्या गिटारवर खुणा करताना आपण काय पुटपुटलो, ते त्यांना आता लख्ख ऐकू येत होतं. दहा, बारा.

"काय झालं?" बायको चहा घेऊन आली होती. "भूत बघितलंत का?"

मिस्त्रींनी सांगितलं. ती स्टुलाशेजारच्या खोक्यावर बसली आणि तिने त्यांचाच चहा पिऊन टाकला.

"तीन आठवडे मास्तरांना दिसलं नाही?"

"नाही."

"मग गप्प बसा. ज्याला दिसलंच नाही त्याला त्याची गरजही नाही."

"अगं, तालमीत नाही बघत. पण घाबरलेला माणूस खाली बघतोच. शनिवारी बघितलं तर?"

"मग तारा बघायच्यात म्हणून गिटार मागवा आणि गुपचूप दुरुस्त करा."

मिस्त्री तोही विचार करून बसले होते. "आणि त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्याने मनात टिपून ठेवलं असेल, की ठिपक्याच्या अलीकडचं घर आपलं? त्यांना स्वतःलाही ठाऊक नसेल. मी ठिपका हलवला तर शनिवारी हात आठव्यात पडेल."

बायकोने रिकामा कप खाली ठेवला. "चाळीस वर्षांत एक चूक केलीत, पण काय निवडून केलीत."

दुपारी मिस्त्री नाट्यगृहात गेले आणि शेवटच्या खुर्चीत बसून मास्तरांचे डोळे बघत राहिले. तीनदा तुकडा झाला. तिन्ही वेळा हात नवव्यात. डोळे एकदाही खाली गेले नाहीत, समोर, वाद्यवृंद चालवणाऱ्या बाईंच्या काठीवर. गप्प राहिलं असतं तर जगात कोणाला कळलं नसतं. पण बावीस वर्षांनी मिळालेली संधी मास्तरांची होती, आणि तिच्यावरचा धोका परस्पर आपल्या खिशात ठेवणं मिस्त्रींना जमेना. तालीम संपल्यावर ते पुढे गेले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या गिटारवर मी एक ठिपका चुकीच्या घरात बसवलाय."

मास्तर हसले. मग त्यांनी मान वाकवून मोजलं. मग हसायचे थांबले.

"वाजवून बघतो," म्हणाले. हात दहाव्यात पडला. पुन्हा वाजवलं, आठव्यात. तिसऱ्यांदा हात मध्येच हवेत थांबला, कुठे उतरावं ते कळेना.

"मिस्त्री," मास्तर हळू आवाजात म्हणाले, "सांगायला नको होतंत."

मिस्त्री म्हणाले, "उद्या सकाळी दुकानात या. माझ्यासमोर बसा."

शुक्रवारी सकाळपर्यंत मास्तरांचा डोळा लागला नव्हता. मिस्त्रींनी त्यांना आपल्या स्टुलावर बसवलं, ज्या स्टुलावर बायकोही बसत नसे. स्वतः खाली गुडघ्यांवर बसले, हातात खडू.

"डोळे मिटा. चार ओळी वाजवा, उडी मारा, आणि बोट तिथेच ठेवा."

मास्तरांनी डोळे मिटले. झेप घेतली. मिस्त्रींनी बोटापाशी मानेच्या कडेला खडूची रेघ ओढली.

"पुन्हा."

असं वीस वेळा. मास्तर वैतागले. "किती वेळा? बोट काय लाकडाचं आहे?"

"लाकडाचं असतं तर मी तासून दिलं असतं. पुन्हा."

पंचविसाव्या खेपेनंतर त्यांनी मास्तरांना डोळे उघडायला सांगितलं. पंचवीस रेघा, एकीवर एक, नवव्या घरात कोंबून बसलेल्या. एकही बाहेर नाही. मास्तर बघतच राहिले.

"मला तर ठिपक्यांवाचून येत नाही," ते म्हणाले, पण आवाजात आता तक्रार नव्हती, नवल होतं.

"तीन आठवडे तुम्ही त्यांच्यावाचूनच वाजवताय. आता सांगा, सगळेच काढून टाकू?"

मास्तरांनी बराच विचार केला. बायको दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी म्हणाले, "नको. असू द्या. पण माझ्या रेघांवर बसवा."

मग मिस्त्रींनी दहाव्या घरातला ठिपका काढला, भोकात काळ्या लाकडाची खुंटी ठोकली, घासून एकजीव केली. आणि नवव्या घरात, मास्तरांच्या बोटाने दाखवलेल्या जागी, नवा ठिपका बसवला. मास्तर दोन तास शेजारी बसून बघत होते. मिस्त्रींनी या वेळी मोजताना एक आकडाही पुटपुटला नाही. ओठ घट्ट मिटून, बोट ठेवून, तीन-तीनदा मोजलं. बायको म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा एवढा वेळ गप्प बसलेत."

शनिवारी संध्याकाळी दोघं नवराबायको तिसऱ्या रांगेत. पडदा उघडला. चार ओळी झाल्या. झेपेच्या क्षणी मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले, म्हणून मास्तरांनी खाली बघितलं की नाही हे त्यांना दिसलंच नाही. फक्त ऐकू आलं. एक सूर, सरळ, आणि मग वीस व्हायोलिनं त्याच्यावर येऊन अलगद बसली.

प्रयोगानंतर मास्तर घामाने निथळत बाहेर आले. मिस्त्रींना राहवेना. "बघितलंत का ठिपक्याकडे?"

मास्तरांनी आठवून बघितलं, कपाळाला आठ्या घालून, अगदी प्रामाणिकपणे.

"काय माहीत हो," ते म्हणाले. "बघितलंही असेल."