भंडारा आत नेऊ देत नाहीत

देव आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आमच्या घरात तो घरातल्या माणसासारखाच होता. त्याच्यावर रुसायचं, त्याला नैवेद्य दाखवायचा आणि काम अडलं की त्याच्याशी भांडायचंही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. देव एकाला सोडवतो, तेव्हा त्याचा भार दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावर का जातो? आणि तो ज्याच्या डोक्यावर गेला, त्याच्याच लेकीला ते इतकी वर्षं का दिसू नये? माझ्यावर कृपा झाली हे मी मानते. पण ते सांगताना मन भरून येतं तशी मानही खाली जाते, आणि दोन्ही सांगितल्याशिवाय हा अनुभव पुरा होत नाही.

माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, सासर दौंडचं. मालक रेल्वेत नोकरीला. माझे आजोबा मेंढरं घेऊन उन्हाळाभर फिरायचे. वडिलांनी, म्हणजे आबांनी, मेंढरं मोडली, विहीर पाडली आणि शेतीला लागले. पण मेंढरं सुटली तरी आमचा कुळदेव बिरोबा काही सुटला नाही. रोज आंघोळ झाली की आबा देवळात जात आणि कपाळभर भंडारा लावून येत. हळदीचा तो पिवळा पट्टा नसलेले आबा मला ओळखूच यायचे नाहीत. लहान असताना ते न्हाणीतून ओल्या कपाळानं बाहेर आले की मी आईच्या मागं लपत असे, आणि आबा मुद्दाम डोळे मोठे करून मला भेवडावत.

माझा धाकटा भाऊ किसन तेव्हा नुकता कामाला लागलेला, लग्नाचं बघत होते. त्या वर्षी गावात बाहेरचा एक कळप आला. खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवावीत म्हणून जो तो त्या मेंढक्याला आपल्याकडं ओढत असतो. त्यावरून दोन घरांत बाचाबाची झाली, काठ्या निघाल्या आणि एकाचं डोकं फुटलं. पोलिसांनी चार पोरांना नेलं, त्यात किसनही. तो भांडण सोडवायला मधे पडला होता, असं गाव म्हणत होतं. पण फिर्यादीत नाव आलं की आलं. त्याला शिरूरला कचेरीच्या आवारातल्या तुरुंगात ठेवलं.

बाकीच्या तिघांच्या घरचे दुसऱ्याच दिवशी शिरूरला पळाले. आबा गेले ते देवळात. सगळ्या गावासमोर त्यांनी बेल-भंडारा उचलला आणि म्हणाले, “माझ्या लेकानं हात उगारला नसंल, तर बिरोबाच त्येला घरी आणील. तवर माझ्या घरातलं कुणी त्या कचेरीची आन् कोर्टाची पायरी चढणार न्हाई.” आमच्यात बेल-भंडारा उचलून बोललेला शब्द म्हणजे शेवटचा शब्द. तो मोडला तर माणसाला देवापुढं उभं राहायला तोंड उरत नाही. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं लोक म्हणतात खरं, पण ते दाव्याला जाऊ नये म्हणून. आपलं माणूस आत असताना शहाणपण कामाचं नाही, हे आबांना कोण सांगणार? उलट गाव त्यांच्या भक्तीचं कौतुक करत होतं, आणि भक्तीत थोडा ताठाही होता हे कुणाला दिसलं नाही.

मला हे कळलं दौंडच्या बाजारात, गावचा एक माणूस भेटला तेव्हा. त्यानं आईचा निरोप दिला, “चूल पेटती, पण कुणी जेवत न्हाई.” खरं सांगते, आधी मलाही आबांचा अभिमानच वाटला. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ म्हणून मी शेजारणींना चिडवणारी बाई, पण आपल्या घरची गोष्ट आली की चेष्टा सुचत नाही. दोन-तीन दिवस वाट पाहिली. मग राहवेना. घरच्या देव्हाऱ्यातला चिमूटभर भंडारा पदराच्या टोकाला बांधला आणि न्हावऱ्यावरून जाणारी शिरूरची गाडी धरली. तुरुंगात जायचं ठरवलं नव्हतं. शिरूरला गाडी बदलून माहेरी जायचं आणि आईजवळ बसून रडायचं, एवढंच मनात होतं.

शिरूरच्या स्टॅंडवर गावची गाडी लागायला वेळ होता. बाकड्यावर माझ्या शेजारी एक म्हातारी येऊन बसली. मांडीवर डबा, डब्यावर धुऊन घडी घातलेले कपडे. आधी तिनं एसटीला शिव्या दिल्या, मग उन्हाला, आणि मग माझ्याकडं वळून सरळच विचारलं, “कोण हाय आत?”

मी दचकले. म्हटलं, “भाऊ.” पुढचं आपोआप बाहेर आलं. फिर्याद, चौघं पोरं, आबांची शपथ, सगळं. तिनं मधे एकदाही हळहळ केली नाही. माझं झाल्यावर म्हणाली, “तुला कुठं दिलीया?”

“दौंडला.”

“मंग तू तुझ्या बापाच्या घरातली कुठंशी राह्यलीस? त्यो म्हन्ला माझ्या घरातलं कुणी. लग्नात तुला उंबऱ्याभाईर काढली तवाच तू त्या शपथंतनं सुटलीस की गं.”

लेक परक्या घरची, हे शब्द मी जन्मभर मनाला लावून घेतले होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या उपयोगी आले. मला हसू आलं आणि हसता हसताच मी रडले. म्हातारीनं मला रडू दिलं आणि मग कामाचं सांगायला लागली. तिचा मुलगा वर्षातून एकदा-दोनदा आत असायचाच. “माझा दिवटा हितं सासरला आल्यावानी येतो,” असं ती म्हणाली. कचेरीकडं चालताना तिनं मला सगळं समजावलं. भेटीची वेळ दुपारच्या आत गाठायची. आपण कोण, हे दाखवायला रेशनकार्ड किंवा फोटोचा कागद जवळ ठेवायचा. नाड्याचा लेंगा न्यायचा नाही, नाडा काढून घेतात. भाकरी दिली तर ते मोडून बघतील, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही, त्यांचं काम आहे ते. मधल्या कुणाच्या हातात काही द्यायचं नाही, जे विचारायचं ते पहाऱ्यावरच्या पोलिसालाच, गोड बोलून विचारायचं. भेटीत भांडणाचा विषय काढायचा नाही, ऐकणारे कान पुष्कळ असतात. “जेवलास का, झोप लागती का, दुखतंखुपतं का, येवढंच इचार. आन् निघताना इचार, जामीन झालाय का, आन् कुनी उभं राह्यलंय का. ही दोन येगळी हायत बरं. कोर्ट दार उघडतंय, पर दारात उभं राह्याला मानूस लागतोय.”

फाटकाशी आल्यावर तिनं माझ्या पदराच्या गाठीकडं बोट केलं. “भंडारा हाय न्हवं? पूड आत न्हेऊ देत न्हाईत. सोड ती गाठ आन् तुझ्याच कपाळाला लाव. त्येला दिसला म्हंजी पावला.” गाठीत काय आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं. गाठीचा पिवळा डाग दिसला असेल. असेलही.

पिशवीत रेल्वेच्या दवाखान्याचं फोटोचं कार्ड होतं, ते चाललं. किसनला आणलं तेव्हा आमच्यामध्ये गज होते. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. त्यानं आधी माझ्याकडं बघितलंच नाही, खाली मान घालून उभा राहिला. मग नजर वर आली ती माझ्या कपाळावर थांबली, आणि त्याचा चेहरा लहान पोरासारखा वाकडा झाला. म्हातारीनं शिकवल्याप्रमाणं मी जेवणाचं, झोपेचं विचारत राहिले. तो मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, “आक्का, आबानं मला सोडलं का गं?”

मग त्याच्याकडून, आणि नंतर बाकीच्या घरांनी लावलेल्या वकिलाला गाठलं तेव्हा, कळलं ते असं. चौघांचाही जामीन कधीच मंजूर झाला होता. तिघांचे जामीनदार उभे राहिले, ते घरी गेले. किसनसाठी कुणीच आलं नव्हतं. वकिलानं गावी माणूस पाठवला होता, पण आबांनी कोर्टाचं नाव काढताच त्याला दारातूनच परत लावलं होतं. देवानं दार उघडून ठेवलं होतं, आणि आम्ही घरी बसून ते उघडायची प्रार्थना करत होतो. बाहेर येऊन म्हातारीला सांगावं म्हणून बघितलं, तर ती फाटकाशी नव्हती. तिचा मुलगा आत होता की नाही, हेही मला विचारता आलं नाही, कारण मी तिचं नावच विचारलं नव्हतं. पोलीस म्हणाला, “बाई, हितं रोज किती म्हाताऱ्या येतात.”

संध्याकाळच्या आत माहेरी पोचले. आबा ओट्यावर दोर वळत बसले होते. मी किसनला भेटून आले म्हटल्यावर आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. आबांचे हात चालूच राहिले. मी सगळं सांगितलं. वकील म्हणत होता, जमीन नावावर असलेला माणूस सातबारा घेऊन कोर्टात उभा राहिला की झालं. चुलते-मामे आधीच अंग काढून बसले होते. राहिले आबा.

“बेल-भंडारा उचललाय मी,” आबा म्हणाले.

“देवानं त्याचं काम केलंय आबा. माणूस गेला न्हाई.”

त्यांनी दोराला आणखी एक पीळ दिला. मग विचारलं, “त्यो काय म्हन्ला?”

मी सांगायला नको होतं की सांगायला हवं होतं, हे मला अजून ठरवता येत नाही. मी सांगितलं. “आबानं मला सोडलं का, असं इचारत होता.” आबांच्या हातातला दोर थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तलाठ्याच्या दारात होते.

कोर्टात गेलो तो दिवस मला लख्ख आठवतो. पायरीशी आबा थबकले. डोक्यावरचा फेटा सारखा केला, खांद्यावरच्या उपरण्याचं टोक घेतलं आणि कपाळ पुसलं. ऊन होतं, मला वाटलं घाम पुसतायत. मी तर पुढं पळत होते, वकील गाठायला. नंतर कागद झाले, सह्या-अंगठे झाले, हुकूम तुरुंगात गेला आणि दिवस मावळायच्या आत किसन बाहेर आला. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “चल, गाडी जाईल.” त्या आनंदात मी आबांच्या कोऱ्या कपाळाकडं बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर आबांनी भंडारा लावला नाही. सकाळी देवळाकडं जात, पण बाहेर लिंबाखाली बसून परत येत. जत्रेत आम्ही सगळे आत, आणि आबा आमच्या चपला सांभाळत बाहेर. गुडघे धरतात, असं सांगायचे. आम्हाला पटलं. किसनचं लग्न झालं, जोडी देवाच्या पाया पडायला आत गेली, आबा लिंबाखाली. पुढं केस निकाली निघाली आणि किसन निर्दोष सुटला. मी दौंडहून पेढे घेऊन गेले, म्हटलं, “आबा, तुमचा शब्द खरा झाला, आता तरी चला आत.” ते म्हणाले, “तुम्ही जाऊन या बाई. मी हाय हितं.” मी गेले. पेढे देवापुढं ठेवले, घंटा वाजवली, आणि बाहेर येऊन त्यांना चोळायला कुठलंसं तेल चांगलं म्हणून सांगितलं. गुडघ्यांसाठी.

आबा गेले तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं. किसननं भंडाऱ्याची वाटी आणली, तशी आईनं त्याचा हात धरला. “थांब. त्यास्नी चालंल का, म्हाईत न्हाई.” मग ती आम्हा दोघांना बोलली. पायरीशी त्यांनी घाम पुसला नव्हता. शब्द मोडायच्या आधी देवाची खूण उतरवून ठेवली होती. आई किती वेळा म्हणाली होती, आता लावा. तर म्हणायचे, “लेक परत मागून घेतला आन् बदल्यात देवाला दिलेला शबूद मोडला. आता त्येच्या म्होरं कुठल्या तोंडानं जाऊ? पर पोरास्नी सांगू नगंस. किसनच्या जिवाला लागंल.” किसननं ऐकलं आणि बोटानं न लावता सगळी वाटीच तळहातावर ओतली. आबांचं कपाळ, भुवया, फेट्याची कड, सगळं पिवळं झालं. खूप वर्षांनी ते मला माझ्या आबांसारखे दिसले.

मी अजूनही शिरूरच्या स्टॅंडवर उतरले की त्या बाकड्याकडं बघते. म्हातारी पुन्हा दिसली नाही. पण मांडीवर डबा आणि घडीचे कपडे घेऊन कावरीबावरी बसलेली एखादी बाई कधी तिथं, कधी दौंडला दिसतेच. मी शेजारी जाऊन बसते. नाड्याचं सांगते, रेशनकार्डाचं सांगते, जामीन आणि जामीनदाराचं सांगते. ती म्हातारी मला भेटली हे माझं भाग्य, आणि बिरोबापुढं त्यासाठी मी रोज हात जोडते. शरण जाणं म्हणजे सगळं देवावर टाकून ओट्यावर बसणं, असं आम्हाला वाटत होतं. आबा खरे शरण गेले ते त्या पायरीशी, जेव्हा त्यांनी आपली जन्माची पुण्याई लेकासाठी उतरवून ठेवली. आणि नेमकं तेव्हाच आपण देवाला मुकलो, असं ते समजून बसले. म्हातारीनं मला शपथेतून सोडवलं होतं, एका वाक्यात. तसं एक वाक्य आबांना सांगणारं कुणी हवं होतं. लिंबाखाली ते इतकी वर्षं बसले होते, आणि मी त्यांच्याजवळच चप्पल काढून आत जात होते.