दुपट्ट्याखालचा हात

रविवारी दुपारची जेवणं झाली की बाबा खांद्यावरचा दुपट्टा काढून उजव्या हातावर टाकायचे आणि विचारायचे, "हं, बोला. कोणाले काय पायजे?"

बाबा नागपूरच्या मिरची बाजारात दलाल होते. भिवापूरकडून शेतकऱ्यांचा माल यायचा, व्यापारी तो घ्यायचे आणि मधला सौदा बाबा जुळवायचे. तेव्हा तिथे भाव तोंडाने बोलत नसत. दोघांनी एका कापडाखाली हात घालायचा. समोरच्याचं एक बोट धरलं तर एक, चार धरली तर चार, अख्खा पंजा धरला तर पाच. पंजा दाबून सोडला आणि मग दोन बोटं धरली की सात. भोवती कितीही माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळायचा. पटला तर हात घट्ट दाबायचा, नाही पटला तर काढून घ्यायचा. आणि कापडाखाली काय झालं ते तिसऱ्याला कधीही सांगायचं नाही.

आमच्या घरातही हाच कायदा होता. मला किंवा माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या भावाला काही हवं असलं, सर्कस, रंगपेटी, मावशीकडे चार दिवस, तर ते रविवारी मागायचं. मागणी तोंडाने, किंमत बोटांनी. किंमत टोपल्यांत असे. बाबा घरी आणत त्या मिरचीचे देठ खुडून तेवढ्या टोपल्या भरून द्यायच्या. बोटांची आग व्हायची. आई आमच्या हातांना तेल चोळायची आणि बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "घराचा बजार करून ठेवला या मानसानं."

एकदा तीही आली. हात पदराला पुसत म्हणाली, "थांबा, मलेबी बोलाचं हाये," आणि तिने दुपट्ट्याखाली हात घातला. दुपट्टा बराच वेळ हलत राहिला. मग बाबांचा चेहरा पडला. काय ठरलं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या विड्या मोजक्या झाल्या.

भावाला हा खेळ जमत नसे. बाबांनी आठ म्हटलं की त्याचे डोळे मोठे व्हायचे, हाताला घाम सुटायचा आणि तो कबूल होऊन जायचा. "तुह्या तोंडावर सारं लिहून रायते गा," बाबा म्हणायचे. मी मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायची. त्यांनी आठ धरले की मी तीन धरायची. ते सात, मी तीन. ते सहा, मी चार. पाचावर आलो की मी हात दाबायची. बाबा हसायचे नाहीत, पण हात सोडण्याआधी क्षणभर थांबायचे. ते थांबणं मी आठवडाभर जपून ठेवायची.

मी बाराची झाले आणि एका रविवारी मी हात पुढे केला तर बाबांनी दुपट्टा उचलून खांद्यावर टाकला. "आता तू मोठी झाली बाई. काय पायजे ते मायले सांगत जा."

बस. एवढंच. भावाचा हात मात्र चालू राहिला. मॅट्रिक झाल्यावर बाबा त्याला बाजारात नेऊ लागले. तो संध्याकाळी यायचा तो लाल डोळ्यांनी. मिरचीने की रडून, हे मी विचारलं नाही. दोन हंगाम कसेबसे काढले. मग त्याने एका व्यापाऱ्याने धरलेली बोटं नीट न मोजता हात दाबला आणि शेतकऱ्याचा अख्खा ढीग पडेल भावात गेला. दबलेला हात बाजारात मागे घेता येत नाही. त्या शेतकऱ्याने पुढे आयुष्यभर बाबांना माल दिला नाही. भाऊ बँकेच्या परीक्षेला बसला, पास झाला आणि सुटला.

तेव्हा मी अठरा वर्षांची होते. बाबा पाटावर बसले होते, आई पोळी वाढत होती. मी म्हटलं, "बाबा, मले बसू द्या गादीवर."

"कोठी?"

"बाजारात. तुमच्या जागी."

बाबांनी घास ताटात ठेवला. "तिथं कोण्या मानसाच्या हातात हात देशीन तू? दुपट्ट्याखाली? अन् लोक काय पाहून रायतीन?"

"भावापेक्षा मले जास्त समजते."

"समजते," बाबा म्हणाले. "म्हणून काय झालं?"

मी समोरचा पाण्याचा तांब्या लाथाडला. त्याला पडलेला पोचा शेवटपर्यंत राहिला, आईने तांब्या बदलला नाही. पुढच्या वर्षी बाबांनी आपली जागा एका परक्या माणसाला दिली आणि मला एका शाळामास्तराला.

मास्तर भला माणूस. त्याच्या घराच्या पडवीत मी मिरची कांडायचं यंत्र टाकलं. मग दुसरं. आज नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या आणि मिहानच्या कितीतरी कंपन्यांच्या कँटीनमध्ये माझंच तिखट आणि माझाच मसाला जातो. हे मी कुणाच्या मेहेरबानीने केलं नाही. मी माल घ्यायला स्वतः बाजारात जायची आणि भाव मोठ्याने बोलायची, सगळ्यांसमोर, ओरडून. मला हात धरता येत नव्हता, तर मी कुणालाच लपू दिलं नाही. अडते मला बघून चहा मागवायच्या बहाण्याने उठून जायचे. मी भांडखोर आहे, मला ठाऊक आहे.

कारखाना उभा राहिला तेव्हा बाबा बघायला आले. चिमूटभर तिखट जिभेवर ठेवलं. म्हणाले, "बरं हाये." तेवढ्यात शेजारच्या दुकानदाराने कारखाना कोणाचा ते विचारलं, तर त्याला म्हणाले, "जवायाचा कारखाना हाये हा." माझा नवरा त्या वेळी शाळेत भूगोल शिकवत होता. त्याला धने कोणते आणि जिरे कोणते, हेसुद्धा सांगावं लागायचं.

ते वाक्य मी विसरले नाही. बाबांशी नीट बोलायची, औषधं न्यायची, पण ते वाक्य मध्ये असायचं. आई गेल्यावर ते भावाकडे राहू लागले. एकदा फोनवर मी विचारलंही, "कोणाचा कारखाना हाये तो, बाबा?" ते म्हणाले, "काहून भांडून रायली? ठेव फोन."

मग लकवा मारला आणि त्यांची वाचा गेली. उजवी बाजू बरीचशी वाचली, पण शब्द संपले. त्या उन्हाळ्यात मी रोज दुपारी जायची. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या होत्या, खोलीभर त्यांचा ओला वास असायचा. मी वर्तमानपत्र वाचून दाखवायची आणि ते छताकडे बघत राहायचे.

एका दुपारी त्यांनी उशाशी ठेवलेला दुपट्टा ओढला. बराच वेळ लागला. मी मदतीला गेले तर मान हलवून नको म्हणाले. तो उजव्या हातावर पसरला आणि माझ्याकडे बघितलं.

पन्नास वर्षांनी मी त्या कापडाखाली हात घातला. त्यांचा हात कोरडा होता, हलका झाला होता. त्यांनी माझा पंजा धरला, दाबला, सोडला. मग दोन बोटं. सात.

मागणी मी केलीच नव्हती. आमच्या घरात मागितल्याशिवाय किंमत कधी सांगितली जात नसे. मी काय मागत आले आहे, हे त्यांना इतकी वर्षं माहीत होतं तर.

आणि मला राग आला. आता? मी चार बोटं धरली. बाबांचा चेहरा बाजारातला झाला, कोरा. पंजा आणि एक बोट. सहा. मी पंजा धरला. पाच. नेहमी पाचावरच मिटायचं. ते हात दाबतील याची वाट बघत मी कूलरकडे नजर लावून बसले. त्यांनी पुन्हा पंजा आणि एक बोट धरलं. मी पुन्हा पंजा.

बाबांनी हात काढून घेतला. दुपट्टा छातीवर ओढला आणि डोळे मिटले.

भाऊ दारात उभा होता. "काय म्हणून राहिले वं बाबा?"

"काही नाही," मी म्हटलं.

दोन आठवड्यांत ते गेले. त्या दोन आठवड्यांत मी रोज दुपट्टा त्यांच्या हाताशी ठेवत होते. त्यांनी तो पुन्हा पसरला नाही. भाऊ अजून मधूनमधून विचारतो, त्या दिवशी काय झालं होतं. मी त्याला सांगितलेलं नाही. इथे वाचलं तर कळेल.

सहा टोपल्या. मी एका बैठकीत खुडून दिल्या असत्या.