अकरा नंबरचं पातं

लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, धाग्याची तुटलेली तार जोडायची तर अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट लागतं. नव्वदच्या दशकात, सुरतेत कामाला होतो तेव्हा, माझं नेमकं तेच बोट पिकलं आणि मी शहाण्याने ते धागा कापायच्या अर्ध्या ब्लेडने फोडलं. सुजून वांग्याएवढं झालं. लिंबायतच्या दवाखान्यात टेबलावर आडवा झालो तेव्हा वाटलं, आता बोट जाणार, आणि बोटाबरोबर कामही.

तिथली सिस्टर आमच्या खानदेशातली, जाड चष्म्याची. ऑपरेशनच्या सुरीच्या पात्याला ती कधी हात लावत नसे. चिमट्याने उचलून दांडीवर चढवायची. डॉक्टर गुजरातीत "अगियार" म्हणाले, म्हणजे अकरा. माझा चेहरा पाहून ती हळूच म्हणाली, "घाबरू नको भाऊ. अकरा नंबर टोकदार राहस, नुसता पू काढाले. बोट कापाले मोठं पातं मांगतस. आनी तुन्हं ब्लेड दोरासाठीच ऱ्हाऊ दे!"

शेवटच्या पट्टीच्या दिवशी तिने बोट उलटसुलट करून पाहिलं. मग बँडेजचा एक दोरा उपसून तोडला आणि दोन्ही टोकं माझ्यापुढे धरली.

"जोड."

बोट आखडलं होतं. पहिली गाठ सुटली, दुसरी बसली. तिने ती नखावरून फिरवून पाहिली, कुठे अडते का ते बघत, थेट आम्ही लूमवर फिरवतो तशी. ही कुठल्या घरात वाढली असेल ते मला तेव्हा कळलं.

"जाय कामले," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसासाठी चिमट्याने नवं पातं उचललं.